पापलेट, अणुभट्टी आणि तिथीची पाऊणपट

मामा तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झाला आणि मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. एकाचं आयुष्य काटे आणि तबकड्या वाचण्यात गेलं, दुसरीचं चौथीच्या पोरांना बोलतं करण्यात. मे महिन्यात बोईसरच्या घरी भाचवंडं-नातवंडं जमली की रात्रीची जेवणं उरकल्यावर ओट्यावर सामान्य ज्ञानाचे प्रश्न होतात. बक्षीस ताडगोळ्यांचं. हरणाऱ्यालाही ताडगोळे मिळतातच, फक्त त्याला ते स्वतः सोलावे लागतात. यंदा प्रश्न काढायचं काम कुणीतरी या दोघा भावंडांवर मिळून टाकलं आणि चिठ्ठ्या लिहायला मला बसवलं. चिठ्ठ्या थोड्या झाल्या, वाद बराच झाला. मला विचाराल तर वादच जास्त रंगला, म्हणून तोच इथे देते.

सुरुवात मामाने केली. "लिही. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र कोणतं आणि ते कधी सुरू झालं?"

"अण्णा, बोईसरच्या ओट्यावर हा प्रश्न?" मावशी म्हणाली. "पंढरपुरात उभं राहून विठोबाचं गाव विचारण्यातला प्रकार झाला."

"नाव सगळे सांगतील. तारीख? २८ ऑक्टोबर १९६९. एकाला तरी येते का बघ."

"तुला येते ना. म्हणजे प्रश्न तू विचारायचा, उत्तर तूच द्यायचं आणि टाळ्या आम्ही वाजवायच्या."

"माहीत नसेल तर माहीत करून घ्यायचं, माई. सामान्य ज्ञान यालाच म्हणतात."

"परीक्षेत म्हणत असतील. इथे पोरं सुट्टीला आलीत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला येतं तो लगेच सांगून मोकळा, आणि ज्याला येत नाही त्याने डोकं तरी कशासाठी खाजवायचं? तारीख काही डोकं खाजवून सापडत नाही."

दोन्ही पक्ष इथेच ठरले. मामाचं म्हणणं असं की प्रश्नाला एकच उत्तर हवं, ते पक्कं हवं आणि कुणाच्या मताप्रमाणे बदलणारं नको. नाहीतर खेळ राहत नाही, गप्पा होतात. मावशीचं म्हणणं असं की गप्पाच व्हायला हव्यात, प्रश्न हे निमित्त. ज्या प्रश्नावर आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत प्रत्येकाला काहीतरी बोलता येतं तो चांगला, बाकीचे स्पर्धा परीक्षेच्या गाइडात शोभतात.

"बरं, तुझा एक प्रश्न सांग," मामा म्हणाला.

"तारापूरला जायला कुठल्या स्टेशनवर उतरायचं?"

"बोईसर. यात काय आहे?"

"पुण्याच्या पोरांना विचार. ती रेल्वेच्या नकाशात तारापूर शोधत बसतील. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. तारापूर कुठेच नाही. तारापूर एमआयडीसी म्हणायचं, ती बोईसरला. तारापूर अणुवीज केंद्र म्हणायचं, ते अक्करपट्टीच्या बाजूला. आणि खरं तारापूर गाव तिकडे चिंचणीच्या शेजारी, खाडीकाठी आपला किल्ला सांभाळत बसलंय. त्याच्या नावावर एवढं मोठं काही चालू आहे हे गावात गेल्यावर कळतसुद्धा नाही."

मामा हसला, पण लगेच गंभीर झाला. अक्करपट्टी आणि पोफरणची माणसं तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवली गेली, हे त्याच्या नोकरीच्या काळातलं. हलक्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी असं जड निघतं. मावशीने विषय पुढे ढकलला नाही, पण चिठ्ठीवर एवढंच लिहायला सांगितलं: "तारापूरचं स्टेशन कोणतं?"

आता मामाला चेव आला. "डोकं खाजवायला लावणारा हवा ना? घे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना इंधन कुठल्या कुठल्या देशांनी दिलं?"

"भट्ट्या अमेरिकेने बांधल्या, म्हणजे अमेरिकेने," कुणीतरी म्हणालं.

"एक झाला."

मग रशिया आला. मग फ्रान्स आला, तोही बरोबर निघाला. इंग्लंड, जपान, जर्मनी, सगळे चुकले. मामा मिशीतल्या मिशीत हसत होता. शेवटी म्हणाला, "चीन."

ओट्यावर आरडाओरडा. चीन कसा असेल? मामाने सांगितलं ते असं. जनरल इलेक्ट्रिकच्या या दोन भट्ट्यांना समृद्ध केलेलं युरेनियम लागतं, ते आपल्याकडे तयार होत नव्हतं. १९६३ च्या करारानुसार अमेरिका ते देणार होती. १९७४ साली पोखरणला स्फोट झाला आणि अमेरिकेचा हात आखडत गेला. पुढे फ्रान्सने दिलं, मग १९९५ च्या सुमाराला चीनने, त्यानंतर रशियाने. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीला हा त्रास नाही. त्या ५४० मेगावॅटच्या, आपल्याच बांधणीच्या, जड पाणी वापरणाऱ्या, त्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं.

"बघ," मावशी म्हणाली, "हा प्रश्न चांगला आहे. प्रत्येकाने एकेक देश सांगितला, चुकले तरी सांगितला. तुझी तारीख अशी कुणी चुकून तरी सांगितली असती का?"

"पण याचं उत्तरही पाठच असावं लागतं."

"पाठ तुला आहे. त्यांनी अंदाज केला. फरक तोच."

एवढ्यात वीज गेली. देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राच्या पंचक्रोशीत वीज जाते तेव्हा पाहुण्यांमध्ये जो हशा पिकतो तो आम्हाला पाठ आहे. "दिव्याखाली अंधार" हे वाक्य कोण पहिल्यांदा म्हणतो एवढंच पाहायचं असतं. मामा दरवर्षी तेवढ्याच शांतपणे समजावतो. केंद्रातली वीज उच्च दाबाच्या तारांवरून पश्चिमेच्या जाळ्यात जाते, पहिल्या दोन भट्ट्यांची तर महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये वाटली गेली. आपल्या गल्लीचं नशीब मात्र कोपऱ्यावरच्या रोहित्रावर अवलंबून, आणि रोहित्राचं कावळ्यावर.

अंधारात मामाच पुढे म्हणाला, "एक गंमत सांगू? वीज केंद्रालासुद्धा बाहेरून वीज लागते. भट्टी बंद असताना तर नक्कीच."

"बंद केल्यावर कशाला लागेल?" सातवीतली भाची म्हणाली.

"तू सांग."

मग अंधारात दहा मिनिटं नुसतं डोकं खाजवणं चाललं. दिवे लावायला, म्हणालं कुणी. पंख्याला. राखणदाराला टीव्ही बघायला. आजी म्हणाली, "चूल विझवली तरी निखारे राहतातच की." मामा अंधारातही ताठ बसलेला जाणवला. "आजीचं बरोबर. भट्टी बंद केली तरी आत तयार झालेली द्रव्यं उष्णता सोडत राहतात. ती काढून न्यायला पाणी फिरतं ठेवावं लागतं, पाण्याला पंप लागतात, पंपाला वीज. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनित्रं तयार ठेवलेली असतात. जपानमध्ये फुकुशिमाला २०११ साली नेमकं हेच बिघडलं. त्सुनामीचं पाणी जनित्रांत शिरलं."

त्या रात्रीचा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हा. उत्तर एकच, पक्कं, मामाच्या पसंतीचं. आणि ते दिलं शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या आजीने. पण अशाने वाद मिटला असं वाटलं असेल तर माझ्या मामाला आणि मावशीला तुम्ही ओळखत नाही.

वीज आल्यावर मामा राज्यचिन्हांकडे वळला. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा, राज्यफुलपाखरू ब्लू मॉर्मॉन. खाडीतल्या तिवरांमधून पांढरी चिप्पी निवडली गेली २०२० साली. आणि राज्यमासा? इथे सगळा ओटा एका आवाजात ओरडला: "पापलेट!"

"हे कसं आलं सगळ्यांना?" मावशीने विचारलं. "शेकरूच्या वेळी निम्मी गप्प होती."

"सातपाटी इथून किती लांब आहे?" मामा म्हणाला. "पापलेट म्हटलं की सातपाटी. सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेटाला राज्यमासा केलं तेव्हा आपल्याकडे नातेवाइकाचा सत्कार झाल्यासारखं बोलत होते लोक."

"म्हणजे माहीत कसं होतं, तर खाल्लंय म्हणून. मी तेच म्हणते. कोसबाडला अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक काय करत होत्या? बोर्डीला १९४५ साली काम सुरू केलं, मग १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पोरं शाळेत येत नव्हती, गुरं राखायला जात होती. मग शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. खडे, पानं, बिया, जे समोर असेल ते शिकवण्याचं साधन. तुझं शेकरू भीमाशंकरच्या झाडावर आहे, अण्णा. ताम्हण बघ, या आठवड्यात रस्त्याकडेला जांभळं होऊन उभं आहे. पोरांना सकाळी दाखवायचं आणि रात्री विचारायचं."

"आणि जे समोर नाही ते विचारायचंच नाही? मग पोरं सातपाटीच्या पुढे जाणार कधी?"

या प्रश्नावर मावशी थोडी अडली, हे मी नोंदवून ठेवते. मामाने तेवढ्यात दुसरा मुद्दा काढला, आणि तो मला आजही वजनदार वाटतो. "तू म्हणतेस सगळ्यांनी बोलावं. पण प्रत्येक पोर बोलकं नसतं. तुझ्या गप्पांच्या प्रश्नात मोठ्याने बोलणारा जिंकतो. तो बघ कोपऱ्यात." कोपऱ्यात पुण्याहून आलेला नातू होता, दिवसभरात चार शब्द बोललेला. "त्याला विचार विरार-डहाणू लोकल कधी सुरू झाली."

"१६ एप्रिल २०१३," नातू पुटपुटला. त्याला गाड्यांचं वेड आहे.

"आणि १६ एप्रिलला आणखी काय झालं होतं?"

"बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. १८५३." आणि मग, कुणी न विचारता, "म्हणजे बरोबर एकशे साठ वर्षांनी."

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. रोज त्या लोकलने ये-जा करणाऱ्या आमच्या वहिनीलाही हे माहीत नव्हतं. "पाठ केलेल्या तारखेने त्याला आज बोलायला जागा दिली," मामा म्हणाला. मावशीने मान हलवली आणि ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने डब्यात टाकली. पण एक अट घातली: फ्लाइंग राणीचा प्रश्नही घ्यायचा.

"कसला?"

"फ्लाइंग राणीच्या खालच्या मजल्यावर बसलं की पालघरच्या फलाटावर काय दिसायचं?"

मोठी माणसं हसली, पोरांना कळेना. १९७९ साली या मुंबई-सुरत गाडीला दुमजली डबे लागले. खालच्या मजल्याची खिडकी फलाटाच्या पातळीला यायची. गाडी थांबली की समोर माणसं नाहीत, नुसते पाय. चपला, बूट, साडीची किनार, पिशवीचं बूड. पासवाले चपलांवरून माणूस ओळखायचे. जुलै २०२३ मध्ये ते डबे गेले आणि नवे एकमजली आले. "हे कुठल्या गाइडात असेल?" मावशीने विचारलं. मामाने हात जोडले.

चिकूवर मात्र दोघांची जुंपली नाही, कारण मावशीने प्रश्नच असा टाकला की मामा ऐकत राहिला. "कच्चा चिकू खाल्ला की ओठ का चिकटतात?"

"चीक असतो म्हणून."

"त्या चिकाचं जगाने काय केलं?"

घोलवडच्या वाडीत बालपण घालवलेल्या काकूलाही सांगता आलं नाही. उत्तर आहे च्युइंगम. चिकूचं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथे खोडाला तिरप्या खाचा पाडून चीक गोळा करायचे, उकळून घट्ट करायचे आणि चघळायचे. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोचा परागंदा झालेला सेनापती सांता आना न्यूयॉर्कला होता. त्याच्याकडून हा चीक टॉमस ॲडम्स नावाच्या माणसाच्या हाती आला. त्यांना त्याचं रबर करायचं होतं. रबर काही जमलं नाही, आणि ॲडम्सने च्युइंगमचा धंदा उभा केला. आपल्याकडे त्याच झाडाची फळं खाल्ली, चीक फेकून दिला आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं.

"वाड्याच्या कोलमला पण आहे," मामा म्हणाला, "बहाडोलीच्या जांभळाला पण. आणि वारली चित्रांना."

"यादी नको."

"यादी नाही, नुसतं सांगतोय."

चिठ्ठ्यांचा डबा अर्धा भरला तेव्हा मामाने एक प्रश्न काढला आणि तो मावशीने फाडून टाकला. वैतरणा नावाच्या आगबोटीला लोक 'वीजळी' का म्हणायचे? तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून. पण ही बोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सातशेच्या वर माणसांसकट वादळात नाहीशी झाली. "सुट्टीत मेलेली माणसं नकोत," मावशी म्हणाली. मामा म्हणाला, "वसईच्या वेढ्यातही माणसं मेलीच होती, तो प्रश्न तू ठेवलास." हे खरं होतं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली, हा प्रश्न मे महिना म्हणून आम्ही ठेवला होता. आणि त्याआधी जानेवारीत तारापूरचा किल्ला घेताना बाजी भिवराव पडला, हेही मावशीनेच सांगितलं होतं. जुनं मरण प्रश्नाला चालतं आणि त्याहून नवं चालत नाही, याचा नियम काय ते मला दोघांनीही सांगितलं नाही. वीजळी बाद झाली एवढं खरं.

मग मावशीने तिचा हुकमाचा एक्का काढला. "हजार-अकराशे वर्षांपूर्वी या भागावर मधुमती नावाचं कोण राज्य करत होतं?"

"मधुमती? बाई असेल."

"वैजयंतीमाला!" आत्या ओरडली.

"पुरुष. आणि अरब."

मामा सरसावून बसला. चिंचणीला १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात या किनारपट्टीचा कारभार पाहणारा अधिकारी येतो तो ताजिक, म्हणजे अरब. नाव मुहम्मद असावं, ताम्रपटात ते मधुमती असं संस्कृत होऊन आलंय. त्याचं ठाणं संजाणला. या मधुमतीने दोन प्रवाहांवर फुकट होड्या ठेवल्या, संजाणला अन्नछत्र घातलं आणि देवीच्या मठाला दान दिलेल्या जमिनीला संमती दिली.

"राष्ट्रकूट राजा, अरब अधिकारी, देवीचा मठ," मामा म्हणाला. "आणि ताम्रपट आपल्या चिंचणीत सापडला. हे पाठ्यपुस्तकात का नाही?"

"अन्नछत्रात काय मिळायचं?" सर्वांत धाकट्या भाच्याने विचारलं.

"भात, कालवण आणि तूप."

"कालवण कसलं?"

हे ताम्रपटात नाही. मावशीला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. ती म्हणाली की अकराशे वर्षांनी कुणीतरी योग्य प्रश्न विचारला. आजीने बोंबलाचं असणार असा निकाल दिला. मठाची आठवण करून दिली तरी तिने निकाल बदलला नाही.

संजाणवरून बहरोटचं निघालं. पारशांच्या परंपरेप्रमाणे संजाण पडल्यावर इराणशाह अग्नी बारा वर्षं बहरोटच्या डोंगरातल्या लेण्यात लपवून ठेवला होता, आणि तो डोंगर डहाणू तालुक्यात घोलवडजवळ आहे. आज तो अग्नी उदवाड्याला. लोकलमधून उजवीकडे तो डोंगर रोज पाहणारे आम्ही त्याला नुसता डोंगर म्हणत आलो.

आणि तरीही शेवटचा प्रश्न दोघांच्या मधून आला, त्यामुळे तो कुणाचा म्हणायचा यावर अजून एकमत नाही. मुंबईच्या भाच्याने सहज विचारलं, "उद्या किनाऱ्यावर किती वाजता जायचं? भरती असली तर वाळू दिसत नाही."

एकाने मोबाइल काढला. मामाने तो बाजूला ठेवायला लावला. "आज तिथी कोणती?"

भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. तृतीया होती, म्हणजे उद्या चतुर्थी.

"चाराची पाऊणपट?"

"तीन."

"तीन वाजता पूर्ण भरती. पहाटेही आणि दुपारीही. आता तू सांग, सकाळी किती वाजता जायचं?"

"तिनानंतर सहा तासांनी ओहोटी..." भाचा बोटं मोजत म्हणाला, "नवाला!"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला चौथीआधी येतं. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊण. किनाऱ्यागणिक थोडं मागेपुढे होतं, पण पायजमा भिजणार नाही एवढं बरोबर येतं. पोरांनी पटापट हिशेब घालायला सुरुवात केली: एकादशीला किती, द्वादशीला किती. सूत्र पाठ, म्हणून मामा खूश.

"पण पाऊणच का?" मावशीने विचारलं. "अर्धी का नाही?"

पुन्हा डोकी खाजवली गेली. वाऱ्यामुळे, म्हणालं कुणी. समुद्र दमतो, म्हणालं कुणी. मग गाड्यांच्या वेड्या नातवाने विचारलं, "चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे का?" कितीने उशिरा, ते त्याला माहीत नव्हतं. ते मामाला होतं: सुमारे पन्नास मिनिटांनी. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. पाच मिनिटांचा फरक आमच्या पणजोबांनी सोडून दिला, आणि पंधरवड्यात हिशेब बारा तासांच्या जवळ येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीला काटकोनात ओढतात म्हणून भांग. हे सांगताना मामाने सूर्य म्हणून कंदील, पृथ्वी म्हणून ताडफळ आणि चंद्र म्हणून सोललेला ताडगोळा वापरला. चंद्र मध्येच धाकट्या भाच्याने खाल्ला.

ताडफळ हातात आलंच होतं, तर मावशीने तेवढ्यात आणखी एक साधून घेतला. कोयत्याने फळाचं डोकं उडवलं की आत साधारण तीन डोळे दिसतात, प्रत्येकात एक गोळा, पातळ तपकिरी सालीत गुंडाळलेला. अंगठा नीट घातला तर अख्खा निघतो, घाई केली तर पाणी शर्टावर. "अंगणात दोन ताड आहेत. एकाला दरवर्षी फळं, दुसऱ्याला मी लग्नाआधीपासून पाहतेय, एकही नाही. का?" खत कमी पडतं, कीड लागली, नजर लागली, अशी उत्तरं आली. ताडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळं मादीला, नराला नुसते बोटांसारखे लांब तुरे. ताडी मात्र दोन्हींची निघते. हे ऐकल्यावर गेली कित्येक वर्षं त्या झाडाला शेणखत घालत आलेल्या काकांनी एकदा झाडाकडे आणि एकदा मावशीकडे पाहिलं.

निकाल द्यायचा तर माझा असा. मामाच्या प्रश्नांत साल आणि आकडा असतो, त्यामुळे त्यात कुणाला थापा मारता येत नाहीत. २०१४ च्या १ ऑगस्टआधी तारापूर कुठल्या जिल्ह्यात, याचं उत्तर ठाणे होतं, आता पालघर. साल घातलं नाही तर दोन पिढ्या एकमेकींना खोट्या ठरवत बसतात, आणि आमच्याकडे बसल्याही. म्हणून साल घालायचं, हा मामाचा नियम कायम. पण प्रश्न निवडण्याचा हक्क मावशीचा. ज्या प्रश्नाला ओट्यावरच्या तिघांनी तरी चुकीचं पण विचार करून उत्तर दिलं नाही, तो पुढच्या वर्षी डब्यात राहत नाही.

तुमच्याकडे पाहुणे जमले तर हे प्रश्न खुशाल वापरा, आपल्या गावचे चार त्यात घाला, आणि चिठ्ठ्या लिहायला कमी बोलणारं माणूस बसवा. पालघर जिल्ह्यात तालुके किती, एवढं मात्र विचारू नका. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड, आठ. मामाचा हा प्रश्न बाद झालेला आहे.